औशाची सतरा माणसं आणि कोकणातल्या तीन गर्द्या

लातुरात मी गाड्या लावून देतो. स्वतःच्या दोन ट्रॅव्हलर आहेत, बाकी लागतील तशा ओळखीच्यांकडून घेतो. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर हा बारमाही धंदा, लग्नसराईत वऱ्हाडं. कोकणात गाडी वर्षाला दहा-बारा वेळा जाते. परत आल्यावर निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, "गाव चांगलंय, पण गर्दीच लई." उरलेली म्हणतात, "तिथं काहीच चालू नव्हतं." दोघंही खरं बोलतात. 2025 च्या मे महिन्यातली एक सहल मी वहीत सविस्तर लिहून ठेवली आहे, कारण त्या एकाच फेरीत मला ही दोन्ही वाक्यं ऐकावी लागली. पहिल्या वाक्याला तर मीच जबाबदार होतो.

गिऱ्हाईक औशाचं. झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मीही. घरातली सतरा माणसं: अप्पांची ब्याऐंशी वर्षांची आई, दोन मुलं, सुना, लेक, जावई आणि नातवंडांचा घोळका. गाडी सतरा सीटर, म्हणजे एक सीट रिकामी नाही. अप्पांचा हिशोब सरळ होता. "उन्हाळ्यात माणूस थंड हवेला जातंय. समुद्रावर घाम गाळाय कोण येतंय? म्हणजे तिथं ऑफसिझन. खोल्या स्वस्त, रस्ते मोकळे."

औशात बसून हा हिशोब कुणालाही पटेल. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाजारपेठेत कुत्रं फिरकत नाही. पारा 41-42 ला टेकलेला, लग्न नसेल तर माणूस घराबाहेर पडत नाही. कोकणात मात्र याच महिन्यात गावं फुगतात. मुंबईचे चाकरमानी पोराबाळांसह घरी आलेले असतात. हापूस उतरत असतो, फणस पिकलेला असतो, राज्यभरच्या शाळांना सुट्टी असते. तिथला ऑफसिझन मृगाच्या पावसाबरोबर सुरू होतो. आणि तेव्हा आपल्या शाळा भरतात, 2025 मध्ये 16 जूनला भरल्या. त्यामुळे मराठवाड्यातल्या लेकुरवाळ्या घराला स्वस्ताईचं कोकण सहसा मिळतच नाही.

अप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग असं गाव काढ जिथं मे महिन्यातबी गर्दी नसंल. आम्ही काय गर्दी बघाय चाललोत का?"

मागणी रास्त होती. फक्त ती एका गावाची नव्हती. अप्पांना अलिबाग पाहिजे होतं, कारण नाव ऐकलेलं. आजींना गणपतीपुळे. मोठ्या नातवाला, अकरावीतल्या, मालवण, कारण मोबाईलवर स्कुबाचे व्हिडिओ. सुनांचं म्हणणं एकच, स्वयंपाक करावा लागणार नाही असं कुठलंही.

अलिबाग मी पहिल्या फटक्यात खोडलं. अंतर लातूरहून तेवढंच, पाचशेच्या आत-बाहेर. पण अलिबागची गर्दी महिन्यावर चालत नाही, वारावर चालते. ते मुंबईचं अंगण आहे. गेटवेहून मांडव्याला लाँच, 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून गाडीसकट नेणारी रो-रो, आणि 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू उघडल्यापासून सकाळी ठरवून दुपारी जेवायला येणारे लोक. शनिवारी वडखळला गाडी अडकली की पेणपासून मुंगीच्या चालीनं जावं लागतं. तिथून पुढे नागाव, चौल, रेवदंडा हा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो. सावली सुरेख, पण समोरून एसटी आली की कुणीतरी मागं घ्यायचं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद पडल्या तरी शनिवार-रविवारची गर्दी हटत नाही, कारण बंगले त्यांचेच आहेत आणि पाऊस बघायलाच ते येतात. अलिबागला ऑफसिझन असतो, पण तो सोमवार ते गुरुवार.

दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वरवर पुण्याची मदार. ताम्हिणी उतरून माणगावला यायचं आणि तिथं मुंबई-गोवा हायवेच्या बाजारात अडकायचं. तेही नको म्हटलं. दापोली चांगली, पण हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहिल्याशिवाय दापोलीचं अर्धं सुख नाही, आणि आमची सतरापैकी अकरा माणसं माळकरी. त्यांना लिलाव दाखवून काय करायचं?

मग मी ठरवलं ते असं. आपण बारा तास लांब आहोत हीच आपली सोय. मुंबई-पुण्याचा माणूस शुक्रवारी रात्री घाट उतरतो आणि रविवारी दुपारी चढतो. आपल्याला असंही दोन दिवसांत जाऊन येणं जमत नाही, मग त्यांच्या उलट्या पायानं चालायचं. शुक्रवार-शनिवार गणपतीपुळे, कारण देवाच्या गावात शनिवारी थोडी गर्दी असली तरी आजींना चालेल. रविवार-सोमवार गुहागर, मंगळवार-बुधवार मालवण. गुरुवारी रात्री 15 मेला निघायचं, शुक्रवारी 23 ला पहाटे परत. एक ड्रायव्हर रात्रीच्या घाटाला पुरणार नाही म्हणून दुसरा मी.

कागदावर प्लॅन झकास होता. कॅलेंडर भिंतीवरच लटकलेलं होतं. मी त्यातले फक्त लाल आकडे पाहिले.

शुक्रवार

औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या दारातून जातो हे भाग्यच. मिरजेच्या आधी चहाला थांबलो तेव्हा अप्पांनी नातवंडांना उठवून सांगितलं, "हे मिरज. 2016 ला इथूनच आपल्या लातूरला रेल्वेनं पाणी आलतं." पोरं परत झोपली. आजी जाग्या होत्या, त्यांनी खिडकीतून मिरजेच्या दिशेनं हात जोडले.

आंबा घाटात पहाटे समोरून आंब्याच्या पेट्यांनी भरलेली पिकअपची रांग. मे महिन्यात त्या घाटातली रात्रीची वाहतूक पर्यटकांची नसते, हापूसची असते, आणि बाजार गाठायचा म्हणून ती मंडळी वळणावर दम धरत नाहीत. साखरप्याच्या पुढे चौपदरीकरणाची कामं, धूळ, वळवलेला रस्ता. हातखंब्याला साडेआठ वाजले. निवळी फाट्यावरून डावीकडे चाफे गावाच्या रस्त्याला लागलो आणि पुढे गाड्याच गाड्या.

शुक्रवार सकाळ. कुणाची सुट्टी नाही, काही नाही. नंबर प्लेटी पाहिल्या, एमएच 09, 10, 11, 50. कोल्हापूर, सांगली, सातारा, कराड. मला अजून पत्ता नव्हता. आजींनीच मागून विचारलं, "आज संकष्टी हाय ना रे? माझा उपास हाय."

16 मे. संकष्टी चतुर्थी. गणपतीपुळ्याला.

घाटमाथ्यावरच्या लोकांचा हा पक्का नेम आहे, चतुर्थीला पुळ्याच्या गणपतीला यायचं. अंगारकी असली तर लाखाच्या घरात माणूस येतो, भर पावसाळ्यात आली तरी. साधी संकष्टी त्यामानानं हलकी, पण ही शुक्रवारी आलेली, वर मे महिना. चंद्रोदय रात्री साडेदहाच्या पुढे, त्यामुळे उपास सोडून परत घाट चढण्यापेक्षा लोक तिथंच राहणार आणि शनिवार-रविवार जोडून घेणार. तीन दिवसांची गर्दी मी स्वतःच्या हातानं बुक केली होती.

शेवटचे दोन किलोमीटर पाऊण तास. गावात शिरताना एका नारळ-खाजाच्या टपरीपाशी आमची ट्रॅव्हलर आणि समोरून एसटी, दोन्ही तोंडाला तोंड. एसटीचा कंडक्टर उतरला, शिट्टी वाजवत मागच्या सहा गाड्या मागं घ्यायला लावल्या. आमच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून आरसा आत दुमडला. टपरीवाल्यानं न सांगता ताडपत्रीचा बांबू उचलून धरला, आम्ही त्याखालून सरकलो, त्यानं बांबू परत खाली टेकवला. त्या दिवसात त्यानं तो किती वेळा उचलला असेल कोण जाणे. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"हेच का तुझं ऑफसिझन?" अप्पांनी एवढंच विचारलं. पुढे रात्रीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दर्शनाची रांग पाहून आजींनीच तोडगा काढला. आम्ही शनिवारी पहाटे उठलो. देऊळ उघडल्या उघडल्या दर्शन झालं, मग डोंगराची प्रदक्षिणा. तिथं डोंगरच गणपती मानतात, म्हणून देवळाला नाही तर अख्ख्या टेकडीला वळसा घालायचा, साधारण एक किलोमीटरचा. आजी काठी टेकत पाऊण तासात पूर्ण करून आल्या. आठ वाजता खाली बघितलं तर रांग पुन्हा बाहेरपर्यंत. किनाऱ्यावर मी पोरांना गुडघ्याच्या वर जाऊ दिलं नाही. तो समुद्र ओढतो, दरवर्षी तिथं माणसं बुडतात. गर्दीच्या दिवशी तर शेजारचा पाण्यात गेला म्हणून आपणही जातो.

रविवार दुपार, उलट्या दिशेनं

रविवारी जेवून एक वाजता निघालो तेव्हा चाफ्याकडे चढणारा रस्ता गच्च. आम्हाला तिकडं जायचंच नव्हतं. उत्तरेला मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, आणि तिथून जयगड. जयगडच्या खाडीवर फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे तवसाळला नेते. रस्त्यानं चिपळूणमार्गे फिरून जायचं तर सव्वाशे किलोमीटरच्या वर पडतं, बोटीनं निम्मेसुद्धा नाहीत. तवसाळहून येणारी बोट गाड्यांनी ठासून भरलेली, आमची निम्मी रिकामी. सतरा जणांपैकी पंधरा जणांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी पाण्यावर बघितली. धाकट्या नातीनं ड्रायव्हरला विचारलं, "काका, आता ब्रेक दाबला तर?"

गुहागरला पाचला पोहोचलो. होमस्टेच्या काकू अंगण झाडत होत्या. म्हणाल्या, "काल आला असतात तर गाडी रस्त्यावर लावावी लागली असती. आत्ता दुपारीच सगळे गेले." खोल्यांचा दरही त्यांनी आपणहून उतरवला. रविवार-सोमवारच्या खोल्या रिकाम्या पडण्यापेक्षा बऱ्या, हे त्यांचं गणित.

गुहागरची गर्दी मला त्या दोन दिवसांत नीट कळली. गावात माणूस भरपूर होता. गल्लीगल्लीत मुंबई-पुण्याच्या नंबराच्या गाड्या, एसटी स्टँडवर पिशव्यांचे ढीग, व्याडेश्वराच्या देवळात कुलाचाराला आलेली कुटुंबं. पण ही सगळी घरची माणसं. ती ओटीवर बसून फणस कापतात, पाहुण्याकडे जातात, लग्नाला जातात. वाळूवर येत नाहीत. सोमवारी संध्याकाळी सहा किलोमीटरच्या त्या सरळ किनाऱ्यावर मी माणसं मोजली. नजर पोचेल तिथवर चोवीस, त्यातली सतरा आमची. घरं भरलेली आणि समुद्र मोकळा असा मे महिना मी दुसऱ्या गावात पाहिलेला नाही. ज्या गावाला लोक परत येतात आणि ज्या गावाला लोक बघायला येतात, त्यांची वाहतूक वेगळी असते. गणेशोत्सवात हेच अजून ठळक दिसतं. तेव्हा मुंबई-गोवा हायवे तुंबलेला असतो आणि कोकणातली हॉटेलं रिकामी.

पाण्याचीही एक गोष्ट झाली. काकूंनी संकोचून सांगितलं, "अंघोळीला जरा जपून घ्या हो, विहीर तळाला गेल्येय." कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे सातशेच्या आगेमागे. तरी मे महिन्यात तिथल्या वाड्यांवर टँकर फिरतात, कारण जांभा दगड पाणी धरत नाही, पडलेलं सगळं समुद्राला मिळतं. आजींना हे पटेना. "अगं बाई, समुद्राच्या कडंला ऱ्हाऊन बी पाणी पुरंना व्हय?" मग त्यांनी सतरा माणसांची अंघोळ चार-चार तांब्यांत बसवली. लातूरच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. निघताना काकूंनी त्यांना कोकमाची पिशवी भेट दिली.

मालवण

मंगळवारी सकाळी निघालो. चिपळूणहून दक्षिणेला संगमेश्वरच्या पट्ट्यात हायवेची कामं अर्धवट, तिथं दीड तास गेला. राजापूर सोडून सिंधुदुर्गात शिरलो की रस्ता एकदम मोकळा, चौपदरी. एकाच हायवेचे हे दोन अवतार आहेत. म्हणून कोकणात कुणी "किती किलोमीटर" विचारलं तर मी "कुठून कुठं" असं उलट विचारतो.

कसालला वळलो तेव्हा आभाळ काळं. रात्री पाऊस कोसळला. तो वळवाचा नव्हता, ठाण मांडून बसलेला. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होत होतं, आणि त्या वर्षी मान्सून 25 मेलाच देवगडला पोहोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस. आम्ही त्याच्या पायात सापडलो.

मालवणची गर्दी पाण्यावर उभी आहे. किल्ल्याची होडी, स्कुबा, देवबागच्या संगमावरच्या बोटी. दिवाळी, डिसेंबरअखेर आणि मे, या तीन हंगामांत तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावर गाडी गाडीला ओलांडत नाही. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी, रस्ता रुंद करायला जागाच नाही. एरवी मे संपता संपता सरकारी हुकमानं बोटी बंद होतात, ऑगस्ट संपेपर्यंत, आणि गर्दी दिव्याचं बटण दाबावं तशी जाते. त्या वर्षी ते बटण पावसानं आठवडाभर आधीच दाबलं.

बुधवारी सकाळी बंदरावर गेलो. किल्ला समोर, अर्धा पावसात पुसलेला. वारा उठल्यामुळे होड्या बंद. चार-पाच माणसं "हय्या" करत एक होडी वर ओढत होती. दोन आधीच ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या. आमचा अकरावीतला नातू त्यांच्याकडं बघत उभा. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला हाक मारली, "बघतंस काय, हात लाव!" पोरानं चपला काढल्या आणि होडीला खांदा दिला. स्कुबाऐवजी त्याच्या वाट्याला तेवढं आलं. दिवसभर तो उखडलेलाच होता, पण घरी पोचल्यावर मोबाईलवरचा फोटो त्याच होडीचा लावला.

दुपारी देवबागपर्यंत गाडी नेली. ज्या रस्त्यावर डिसेंबरात मी एकदा सव्वा तास एका जागी उभा होतो, तिथं मधोमध एक वासरू बसलेलं. हॉर्न वाजवला, उठलं नाही. ड्रायव्हर उतरला आणि हातानं बाजूला करून आला. जेवायला बसलो तर खानावळीत आम्हीच. मालक म्हणाले, "काल पुण्याची तीन बुकिंग गेली." उकडीचे मोदक, सोलकढी, काजूची उसळ, माळकऱ्यांना काही कमी पडलं नाही. सुनांनी सांगून टाकलं की सहलीतला हा सगळ्यात चांगला दिवस. अप्पांनी मात्र खिडकीबाहेर बघत दुसरं वाक्य उच्चारलं, "इथं तर काहीच चालू नाही." खोली, समुद्र आणि जेवण सोडून.

गुरुवारी फोंडा घाटातून राधानगरी, कोल्हापूर. घाटात धुकं आणि दोन ठिकाणी दरडीचे दगड रस्त्याकडेला. मध्यरात्री तुळजापूर. देऊळ बंद होतं, आजींनी महाद्वारासमोर गाडीतूनच नमस्कार केला.

पुढे त्याच जुलैत अप्पांचा जावई मित्रांबरोबर अलिबागला गेला, ऑफसिझन म्हणून, शनिवारी. वडखळहून त्यानं मला फोन केला. गाडी तासभर हलली नव्हती. मी काही बोललो नाही.

सहलीच्या हिशोबाला अप्पा परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, दुकानात आले होते. मीटरवर 1,452 किलोमीटर पडले होते. आमच्या धंद्यात दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरतात, आणि मुक्कामाच्या सहलीत गिऱ्हाईक हमखास म्हणतं, गाडी तर उभीच होती. ते आधीच बोलून ठरवलेलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. टोल, पार्किंग, फेरीबोट, ड्रायव्हर भत्ता, सगळं त्यांनी चष्मा लावून पावतीपावतीनं तपासलं. बाकीचे पैसे मोजून दिले आणि त्यातून सातशे रुपये परत उचलून खिशात घातले.

"हे कशाचे, अप्पा?"

"संकष्टीचे."